पाणी, युरिया, इथिलीन: केळीच्या बागेतल्या रेणूंवर सहसंयुज बंध मांडायला शिका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळीची कुठलीही बाग घ्या. ठिबकच्या नळीतून पाणी येतं, पाण्यात युरिया विरघळलेला असतो, नळी पॉलिथिलीनची असते आणि घड कापून नेल्यावर ते पिकवायला रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात. पाणी, युरिया, पॉलिथिलीन, इथिलीन या चारही पदार्थांत अणूंना एकत्र धरून ठेवतो तो सहसंयुज बंध. हा धडा शिकायला मला हे चार पदार्थ पुस्तकातल्या नेहमीच्या आकृत्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. त्यांची नावं आपल्या घरात रोज ऐकू येतात, आणि आकृती बरोबर जमली की तो पदार्थ बागेत तसा का वागतो हेही उलगडतं.

नववी ते अकरावीची मुलं आणि त्यांना घरी शिकवू पाहणारे आईवडील, दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. इलेक्ट्रॉन मोजता आले की आकृती निघत जाते. वही, पेन्सिल, खोडरबर आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांची आवर्तसारणी जवळ ठेवा. नुसतं वाचून हे येणार नाही, प्रत्येक रेणू स्वतः काढून पाहावा लागेल.

आधी हातातले इलेक्ट्रॉन मोजा

अणूच्या मध्यभागी केंद्रक आणि त्याभोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन, इतकं तुम्हाला माहीत असेलच. बंध तयार करताना कामाला येतात ते फक्त सर्वांत बाहेरच्या कवचातले, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. कार्बनचा अणुअंक ६, मांडणी २, ४. म्हणून त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन ४. नायट्रोजन २, ५, त्याचे ५. ऑक्सिजन २, ६; त्याचे ६. हायड्रोजनकडे एकच. या लेखातल्या बहुतेक रेणूंसाठी एवढे चार आकडे पुरतात.

आता निऑनकडे पाहा. त्याची मांडणी २, ८. तो सहसा कोणाशीही संयोग करत नाही. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन आहेत, पण त्याचं एकमेव कवच तेवढ्यावर भरतं, त्यामुळे तोही अलिप्त. यावरून कामचलाऊ नियम निघतो: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्याभोवती बंध झाल्यावर ८ इलेक्ट्रॉन मोजता यायला हवेत, हायड्रोजनभोवती २. पहिल्याला अष्टक म्हणतात, दुसऱ्याला द्विक.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये ही कल्पना मांडली: दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही हिशोबात धरली जाते. आपण वहीत काढतो त्या ठिपक्यांच्या आकृत्या त्यांच्याच. पुढे १९१९ मध्ये आयर्विंग लँगम्युअर यांनी ही कल्पना पुढे नेली आणि सहसंयुजा ही संज्ञा रूढ केली.

‘दोघांच्याही हिशोबात’ हे नव्या मुलाला खटकतं. दोन इलेक्ट्रॉन चार वेळा मोजल्यासारखे वाटतात. बांधावरची सामाईक विहीर आठवा. दोन भावांच्या मधली विहीर एकच, पण तिची नोंद दोघांच्याही सातबाऱ्यावर असते. तलाठी एका भावाचा उतारा काढतो तेव्हा त्यावर ती विहीर दिसते, दुसऱ्याचा काढला तरी दिसते. गावातल्या विहिरी मोजताना मात्र ती एकदाच धरायची. अष्टक तपासताना उतारा पाहायचा, रेणूतले एकूण इलेक्ट्रॉन मोजताना गाव पाहायचं. बहुतेक चुका हे दोन हिशोब एकमेकांत मिसळल्याने होतात.

पण वाटून घेतल्याने अणू चिकटून का राहतात?

इथे जरा थांबू या, कारण बरीच मुलं हा प्रश्न विचारतच नाहीत. ‘अणूला अष्टक हवं असतं’ हे वाक्य सोयीचं आहे, पण अणूला काही हवं-नको नसतं. खरं कारण विद्युत आकर्षणात आणि ऊर्जेत आहे.

दोन हायड्रोजन अणू लांब असताना प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन आपापल्या केंद्रकाकडे ओढलेला असतो. अणू जवळ आले की प्रत्येक इलेक्ट्रॉनवर दोन्ही केंद्रकांची ओढ लागते. दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांभोवती पसरतात, मधल्या जागेत त्यांचं प्रमाण वाढतं, आणि तिथला ऋण प्रभार दोन्ही धन केंद्रकांना आपल्याकडे खेचून धरतो. एकूण ऊर्जा कमी होते. अणू आणखी जवळ ढकलले तर दोन धन केंद्रकं एकमेकांना जोराने दूर लोटतात आणि ऊर्जा पुन्हा चढते. मध्ये एक अंतर असं येतं जिथे ऊर्जा सर्वांत कमी असते. हायड्रोजनसाठी ते अंतर ७४ पिकोमीटर आहे, एका मिलिमीटरच्या एक कोटी भागांपैकी एका भागाहूनही कमी. त्यालाच बंधाची लांबी म्हणतात. वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये पुंजयामिकीच्या, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सच्या, गणिताने हायड्रोजनच्या रेणूतलं हे बंधन समजावून दाखवलं.

हा बंध तयार होताना एका मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) ४३६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तो तोडायचा तर तेवढीच ऊर्जा द्यावी लागते. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: बंध जुळताना ऊर्जा सुटते, तुटताना लागते. ‘इंधनाचे बंध तुटतात म्हणून उष्णता मिळते’ असं शिकलेली मुलं पुढे बारावीपर्यंत अडखळत राहतात.

गोबर गॅसवर हिशोब करून पाहा. त्यात जळणारा वायू मिथेन. एका मिथेन रेणूचे चार कार्बन-हायड्रोजन बंध (प्रत्येकी ४१३) आणि दोन ऑक्सिजन रेणूंचे दुहेरी बंध (प्रत्येकी ४९८) तोडायला एका मोल मिथेनमागे लागतात २,६४८ किलोज्यूल. मग एका कार्बन डायऑक्साइडचे दोन दुहेरी बंध (प्रत्येकी ७९९) आणि दोन पाण्याच्या रेणूंचे चार बंध (प्रत्येकी ४६३) जुळताना सुटतात ३,४५० किलोज्यूल. फरक ८०२. चुलीवर भाकरी भाजते ती या फरकावर. नवे बंध जुन्यांपेक्षा मजबूत म्हणून उष्णता उरते.

पायऱ्या: पाण्यावर शिका

पहिली पायरी, हातात किती आहेत ते मोजा. पाण्यात ऑक्सिजनचे ६ आणि दोन हायड्रोजनचा प्रत्येकी १, मिळून ८.

दुसरी पायरी, कोणीच काही सामाईक न ठेवता प्रत्येकाचं कवच भरायचं असतं तर किती लागले असते? ऑक्सिजनला ८, दोन हायड्रोजनना २ आणि २, म्हणजे १२.

तिसरी पायरी, वजाबाकी. १२ मधून ८ गेले, उरले ४. जेवढे कमी पडतात तेवढे सामाईक ठेवावे लागतात. ४ इलेक्ट्रॉन म्हणजे २ जोड्या, म्हणजे २ बंध.

चौथी पायरी, अणू मांडा. हायड्रोजनला एकच बंध करता येतो, त्यामुळे तो कधीही मध्ये येत नाही. ऑक्सिजन मध्ये, दोन्ही बाजूंना हायड्रोजन: एच–ओ–एच. प्रत्येक रेघ म्हणजे एक सामाईक जोडी.

पाचवी पायरी, उरलेले ठेवा. हातात ८ होते, ४ बंधांत गेले, ४ उरले. हायड्रोजनचं द्विक भरलेलं आहे, तेव्हा ते ऑक्सिजनवर दोन जोड्या करून ठेवा. या झाल्या बंधात नसलेल्या, म्हणजे एकट्या जोड्या. सहावी पायरी तपासणीची: ऑक्सिजनभोवती दोन बंधांचे ४ आणि एकट्या जोड्यांचे ४, झाले ८.

पाचवी पायरी मुलं फार वेळा गाळतात, आणि नुकसान तिथेच होतं. ऑक्सिजनवरच्या त्या दोन एकट्या जोड्या बंधांच्या जोड्यांना ढकलतात, म्हणून पाण्याचा रेणू सरळ नसून वाकलेला असतो. त्याचा कोन १०४.५ अंश. मिथेनमध्ये एकटी जोडी नाही, तिथे कोन १०९.५. अमोनियात एक आहे, तिथे सुमारे १०७.

युरिया: सगळ्यांत चांगला सराव

युरियाच्या रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. आकार पाहून घाबरू नका, पायऱ्या त्याच.

हातात: ४ + ६ + १० + ४ = २४. लागतील: चार मोठ्या अणूंना ३२, चार हायड्रोजनना ८, म्हणजे ४०. फरक १६, म्हणजे ८ बंध. कार्बन मध्ये ठेवा, त्याला ऑक्सिजन आणि दोन्ही नायट्रोजन जोडा: ३ बंध झाले. प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन लावा: आणखी ४, एकूण ७. आठवा कुठे द्यायचा? नायट्रोजनचे तीन-तीन झाले आहेत. कार्बनचे अजून तीनच आहेत आणि ऑक्सिजनचा एकच. म्हणून आठवा बंध त्या दोघांमध्ये, आणि तिथे दुहेरी बंध होतो. उरले ८ इलेक्ट्रॉन: ऑक्सिजनवर दोन एकट्या जोड्या, प्रत्येक नायट्रोजनवर एकेक. सगळ्यांची अष्टकं तपासा, बरोबर येतात.

हा रेणू एकदा स्वतःच्या हाताने काढला की पुढचे बहुतेक सोपे जातात. वर्गात मिथेननंतर थेट युरियाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता युरियाच्या शेजारी पोटॅशची गोणी ठेवू. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. केळीला दोन्ही लागतात, दोन्ही पाण्यात सहज विरघळतात. तरी त्यांच्या आतली बांधणी अगदी वेगळी. अणू सामाईक जोडीला आपल्याकडे किती ओढतो याच्या मापाला विद्युतऋणता म्हणतात. ही मोजपट्टी लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये दिली. तिच्यावर कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, हायड्रोजन २.२०. यांच्यातले फरक लहान, त्यामुळे वाटणी होते, थोडी उजवी-डावी असली तरी. पोटॅशियम ०.८२ आणि क्लोरीन ३.१६, फरक २.३४. एवढ्या फरकाला वाटणी राहत नाही, पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो आणि दोन्ही प्रभारित आयन बनतात. साधारण १.७ च्या वर फरक गेला की बंध आयनिक धरायचा, असा ढोबळ आडाखा आहे. ती काही पक्की सीमारेषा नाही.

हे तुम्हाला घरी तपासता येतं. ठिबकमधून खत देणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे ईसी मीटर असतं, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यात आधीच भरपूर क्षार असतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. दोन स्वच्छ काचेचे ग्लास, एकात चमचाभर युरिया, दुसऱ्यात चिमूटभर पोटॅश. मीटर युरियाच्या ग्लासात बुडवा: आकडा जवळपास जागचा हलत नाही. मीटर धुऊन पोटॅशच्या ग्लासात बुडवा: आकडा एकदम चढतो. पोटॅश विरघळताना त्याचे आयन सुटे झाले आणि त्यांनी वीज वाहिली. युरिया विरघळला तेव्हा त्याचे रेणू एकमेकांपासून सुटले, पण रेणूच्या आतला एकही बंध तुटला नाही, कुणावर पूर्ण प्रभार आला नाही. म्हणून टाकीत युरिया किती आहे ते ईसीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. शेतात राबणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवायलाच हवं.

युरिया टाकला की ड्रमचं पाणी गार पडतं, हेही तुम्ही पाहिलं असेल. स्फटिकातल्या रेणूंना एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा लागते. पाण्याशी नवं आकर्षण जुळताना थोडी परत मिळते, पण पुरती नाही. उरलेली पाण्यातून घेतली जाते. इथे तुटतं ते रेणू-रेणूंमधलं आकर्षण, सहसंयुज बंध नव्हे. पाणी उकळतानाही तेच. वाफेतही एच–ओ–एच तसाच असतो.

तिहेरी बंध, आणि हवेतला नायट्रोजन पिकाला का मिळत नाही

नायट्रोजन वायूच्या रेणूत दोन नायट्रोजन. हातात १०, लागतील १६, फरक ६, म्हणजे दोघांमध्ये ३ बंध. उरल्या दोन एकट्या जोड्या, प्रत्येकावर एक.

हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, हायड्रोजनच्या बंधाच्या दुपटीहून जास्त. बागेवरच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण केळीला त्यातला कणही थेट घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीत लोहाचं उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब वापरून नायट्रोजन-हायड्रोजनचा अमोनिया करतात. जर्मनीत ओप्पाऊ इथे १९१३ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्या अमोनियाला कार्बन डायऑक्साइडची जोड देऊन युरिया बनतो. गोणीची खरी किंमत या तिहेरी बंधात आहे. मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू मात्र तोच बंध आपल्या जमिनीच्या साध्या तापमानाला मोडतात, नायट्रोजिनेज या विकराच्या मदतीने. त्यासाठी त्यांनाही पिकाने पुरवलेली भरपूर ऊर्जा खर्च करावी लागते.

इथिलीन आणि पॉलिथिलीन

इथिलीनमध्ये दोन कार्बन, चार हायड्रोजन. हातात १२, लागतील २४, सामाईक १२, म्हणजे ६ बंध. चार बंध हायड्रोजनना गेले, दोन उरले, ते कार्बन-कार्बनमध्ये. म्हणून दुहेरी बंध. शिल्लक इलेक्ट्रॉन शून्य.

दुहेरी बंधातल्या दोन जोड्या सारख्या नसतात. एक जोडी दोन केंद्रकांना जोडणाऱ्या रेषेवर घट्ट असते, दुसरी रेणूच्या पातळीच्या वर-खाली पसरलेली, तुलनेने मोकळी. आकड्यांतही हे दिसतं: कार्बन-कार्बन एकेरी बंध सुमारे ३४७ किलोज्यूल, दुहेरी सुमारे ६११. दुप्पट नाही. लांबी मात्र घटते, १५४ वरून १३४ पिकोमीटर.

फळ पिकण्यात हीच मोकळी जोडी कामाला येते. वनस्पतीच्या पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांत तांब्याचा आयन असतो, आणि इथिलीन आपल्या दुहेरी बंधाने त्या तांब्याला धरतं. मग पिकण्याचा संदेश पुढे जातो.

काही जण फळं पिकवायला कार्बाइड, म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, वापरतात. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. अ‍ॅसिटिलीनमध्ये दोन कार्बन, दोन हायड्रोजन. त्याची आकृती तुम्ही काढा: हातात १०, लागतील २०, बंध ५, म्हणजे कार्बनमध्ये तिहेरी. तेही इथिलीनची नक्कल करतं, पण फार दुबळी, जास्त प्रमाण लागतं. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते. भारतात कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. ज्यांच्या घरातून ट्रक भरून माल दिल्लीपर्यंत जातो त्यांनी तर कार्बाइडला हातही लावू नये. चेंबरमध्ये इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे.

आता नळीकडे. पॉलिथिलीन बनताना इथिलीनची ती मोकळी जोडी उघडते आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी एकेरी बंध जुळतात. प्रत्येक रेणूमागे एक दुहेरी बंध जातो (६११) आणि त्या जागी दोन एकेरी येतात (६९४). ऊर्जा सुटते, साखळी लांबत जाते, हजारो कार्बनपर्यंत. वायूची घन नळी होते. नळीत मोकळी जोडी जवळपास उरत नाही, म्हणून खतं, सौम्य आम्लं तिला सहसा काही करत नाहीत. ऊन मात्र करतं. भुसावळच्या मे महिन्यातलं ऊन तर नक्कीच. अतिनील किरणांमुळे साखळ्या हळूहळू तुटतात, म्हणून नळीत काजळी मिसळतात. नळी काळी असते ती यासाठी.

जिथे वजाबाकी चुकते

या पद्धतीचे अपवाद पाहायलाही बाग सोडायची गरज नाही. बोरिक आम्ल सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून देतात. त्यातल्या बोरॉनकडे संयुजा इलेक्ट्रॉन तीनच, तो तीन बंध करतो आणि ६ वर थांबतो. ड्रिपर साफ करायला वापरतात त्या फॉस्फोरिक आम्लात फॉस्फरसला पाच बंध दाखवण्याची पद्धत आहे, म्हणजे त्याच्याभोवती १०. तिसऱ्या आवर्तनापासून पुढे अष्टकाचा नियम सैल होतो. ऑक्सिजन वायूची आपली आकृती दुहेरी बंध बरोबर दाखवते, पण तिच्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात. प्रत्यक्षात द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन एकेकटे आहेत. ते समजायला पुढच्या वर्गातला रेणू-कक्षकांचा धडा लागेल. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या बहुतेक साध्या रेणूंत मात्र ही वजाबाकी नीट चालते.

सरावाला तीन रेणू देतो. अमोनिया: बंध ३, नायट्रोजनवर एकटी जोडी १. कार्बन डायऑक्साइड: हातात १६, लागतील २४, बंध ४, दोन्ही बाजूंना दुहेरी. तिसरा हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन: हातात १४, लागतील २०, बंध ३, एकट्या जोड्या ४. यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन एकेरी बंध अशक्त, सुमारे १४६ किलोज्यूलचा. शेजारी-शेजारी आलेल्या एकट्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात. म्हणून पेरॉक्साइडची बाटली गडद रंगाची असते, आणि ती सावलीत, गार जागी ठेवायची.